पहिला स्लॅब, तोही मे महिन्यात: साइट इंजिनिअर मुलीने काय काय तपासावं?

तापीकाठची (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सिव्हिलचा डिप्लोमा झालाय आणि जळगावात जी प्लस ४ (तळमजला अधिक चार मजले) इमारतीच्या साइटवर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागले आहे. सिनिअर सरांकडे दोन साइट आहेत, ते संध्याकाळीच येतात. पुढच्या आठवड्यात पहिल्या मजल्याचा स्लॅब आहे. क्षेत्र १४० चौ.मी., जाडी १२५ मिमी, बीम धरून अंदाजे २४ घनमीटर. काँक्रीट एम-२५ (२८ दिवसांना २५ न्यूटन/चौ.मिमी ताकद), आरएमसी म्हणजे प्लँटमधून गाडीने येणारं तयार काँक्रीट, पंपाने. स्टील एफई-५०० दर्जाचं. सर्वांत मोठा पॅनल ४.२ मीटरचा, बीम ५ मीटरपर्यंत, पुढे १.२ मीटरची बाल्कनी बाहेर काढलेली.

१. स्लॅबच्या आधी काय काय बघायचं, कोणत्या क्रमाने?
२. सेंटरिंगवाला (काँक्रीटखालचा तात्पुरता साचा लावणारा) सहाव्या दिवशी सगळं खोलतो म्हणतोय. चालेल का?
३. मुकादम ‘हो ताई’ म्हणतो आणि करत नाही. काय करावं?
४. उन्हामुळे स्लॅब रात्री टाकायचा विचार आहे. साइटवर बायकांसाठी टॉयलेट नाही. कुणाकडे आणि कसं मागायचं?
५. घरचे म्हणतात साइट सोड, ऑफिसात बसून ड्रॉइंग कर.

ओळंबा

ताई, पहिल्याच प्रश्नाला सगळा वेळ देतो. बाकीचं इतर सांगतीलच.

तपासणी खालून वर करायची. आधी टेकू (खालचे आधाराचे खांब), मग प्लेटा (काँक्रीट ज्यावर ओततात ते पत्रे), मग सळई, मग पाइप. उलटं केलंत तर बांधलेली सळई पुन्हा उचलायला कुणी तयार होत नाही.

टेकू: तुमचा हा स्लॅब तळमजल्यावर टेकणार, म्हणजे खाली प्लिंथची (जोत्याची) भर. कॉलमला मारलेलं पाणी तिथे मुरलेलं असतं. भरीत काळी माती मिसळली असेल (मिसळू नये, पण मिसळतात) तर ती मऊ होते आणि काँक्रीटचं वजन आलं की टेकू खाली रुततो. मग स्लॅबला मधे झोळ येतो आणि तो कायमचा राहतो. म्हणून प्रत्येक टेकूखाली फळी हवी, वीट चालत नाही, वीट फुटते. दोन टेकूंमध्ये एक मीटरपेक्षा जास्त अंतर नको. प्रत्येक टेकू ओळंब्यात आहे का आणि मध्यावर आडव्या-तिरप्या बल्ल्या बांधल्या आहेत का ते बघा. हाताने हलवून हलला तर तो टेकू धरूच नका.

प्लेटा: लेव्हल चारी कोपरे आणि मध्य, प्रत्येक पॅनलमध्ये. सांध्यांना पट्टी लावलेली हवी, नाहीतर सिमेंटचं पाणी गळून जातं आणि खालून खडी दिसते. तेल सळई अंथरायच्या आधी लावायचं. नंतर लावलं की ते सळईवर सांडतं आणि काँक्रीट सळईला धरत नाही.

सळई: ड्रॉइंगची प्रिंट हातात घेऊन मोजा, मोबाइलवर झूम करून नको. आखूड दिशेची मुख्य सळई खाली. कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) स्लॅबला २० मिमी, बीमला २५, कॉलमला ४०. कव्हर ब्लॉक मीटरभर अंतरावर, काँक्रीटचेच. फरशीचा तुकडा किंवा खडी चालत नाही, पाय पडला की निसटते. वरच्या सळईखाली चेअर (तिला उचलून धरणारे सळईचे घोडे) हव्यात. तुमच्या १२५ मिमी स्लॅबला खाली-वर २०-२० कव्हर आणि ८ मिमी सळईचे चार थर वजा केले की ५३ मिमी उरतात. चेअरची उंची तेवढीच. मिस्त्री अंदाजाने ७५ ची करतो, मग वरची सळई काँक्रीटच्या बाहेर डोकावते, आणि ती झाकायला जाडी वाढवली जाते. जाडी वाढली की वजन वाढलं.

लॅप (दोन सळया एकमेकींवर चढवायची लांबी): मिस्त्रीचं गणित ‘व्यासाच्या पन्नास पट’. एम-२५ आणि एफई-५०० ला ते बसतं, कारण हिशेबाने ४९ पट येतं. म्हणजे ८ मिमीला ४०० मिमी, १२ मिमीला ५९० मिमी. पण एम-२० च्या कामावर ५७ पट लागतात, तिथे पन्नास कमी पडतं. सगळे लॅप एका रेषेत नकोत.

रिंगा (बीम-कॉलमच्या सळयांभोवतीचे वेढे): हूक १३५ अंशात आत वळलेला, पुढचा सरळ भाग कमीत कमी ६५ मिमी. नव्वद अंशाचा हूक भूकंपाच्या हादऱ्यात उघडतो. कॉलमच्या तोंडापासून पहिली रिंग ५० मिमीच्या आत.

बाल्कनी: इथे चूक झाली तर दुरुस्ती नाही. बाहेर काढलेल्या भागात ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर असते आणि आतल्या स्लॅबमध्ये ड्रॉइंगप्रमाणे पूर्ण लांबी आत गेलेली असते. काँक्रीट टाकताना माणसं त्यावरूनच चालतात आणि सळई खाली दबते. दिसायला स्लॅब छान, पण टेकू काढले की बाल्कनी वाकते. फिटर (सळई बांधणारा) काम संपवून निघून जाऊ देऊ नका. काँक्रीट चालू असताना एक फिटर फक्त दबलेली सळई उचलायला थांबला पाहिजे. हे दर ठरवतानाच बोलून घ्यायचं.

इलेक्ट्रिकचे पाइप खालच्या आणि वरच्या जाळीच्या मधून. खालच्या जाळीखालून गेलेला पाइप म्हणजे तिथे कव्हर नाहीच.

खडी-वाळू

ओळंबांनी सळई सांगितली, मी गाडी आल्यानंतरचं सांगते.

२४ घनमीटर म्हणजे ६ घनमीटरच्या चार गाड्या. शेवटची गाडी लगेच मागवू नका. तिसरी रिकामी होताना उरलेला भाग टेपने मोजा आणि तेवढंच कळवा. चलनावर प्लँटमध्ये माल भरल्याची वेळ असते. तिथून दोन तासांच्या आत गाडी रिकामी झाली पाहिजे. पंप बसवायला उशीर झाला तर मोजलेले दोन तास उन्हातच जातात, म्हणून पंप उभा राहून पाइप जोडल्याशिवाय पहिली गाडी सोडायला सांगू नका.

पंपाच्या मालाचा स्लंप (ओल्या काँक्रीटच्या पातळपणाचं माप) साधारण १०० ते १२० मिमी. ऑर्डरमध्ये लिहून द्या आणि प्रत्येक गाडीचा घ्या. माल घट्ट वाटला की पंपवाला ड्रममध्ये पाण्याची नळी घालतो. हे थांबवायचंच. मालाची पळण्याची ताकद रसायनाने वाढवायची असते आणि ते प्लँटचा माणूस टाकतो. पाणी घातलं की ताकद घटते, आणि वर आलेलं पाणी उन्हात उडून स्लॅबला भेगा पडतात.

क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे): आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे २८ दिवसांसाठी नऊ. सात दिवसांचा अंदाज हवा म्हणून आणखी तीन भरा. एकाच गाडीतून सगळे भरू नका. १५० मिमी साच्यात तीन थर, प्रत्येक थराला ३५ ठोके. दुसऱ्या दिवशी साचा खोलून पाण्यात. हे पाणी २७ अंशांच्या आसपास हवं, दोन अंश इकडेतिकडे. जळगावच्या मेमध्ये उघड्यावरच्या टाकीचं पाणी त्याच्या बरंच वर जातं. गरम पाण्यात सात दिवसांचा आकडा छान येतो आणि २८ चा फसवतो. टाकी सावलीत, वर ओलं बारदान. सात दिवसांना साधारण दोन तृतीयांश ताकद धरा, म्हणजे १६-१७. २८ ला क्यूब ५६२.५ किलोन्यूटनवर तुटला तर बरोबर २५ भरतात. लॅबमध्ये स्वतः उभं राहून आकडा बघा.

व्हायब्रेटरच्या (काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या यंत्राच्या) दोन सुया, शिवाय एक पेट्रोलवर चालणारा. लाइट गेली की स्लॅब थांबतो आणि तिथेच सांधा पडतो. सुई सळईला टेकवायची नाही, आणि सुईने माल ओढत न्यायचा नाही, खडी मागे राहते.

पांझरा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सहाव्या दिवशी सगळं खोलायचं नाही. आयएस ४५६ मधल्या मुदती अशा. ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४. ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४, मोठ्याचे २१. तुमचा मोठा पॅनल ४.२ चा, म्हणून स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी निघतील, पण बीमचे १४ दिवस थांबतील. आणि या मुदती ओपीसीच्या (साध्या सिमेंटच्या). आरएमसीत कोळशाची राख म्हणजे फ्लाय अॅश बहुतेक असतेच, तर आरसीसी कन्सल्टंटकडून (स्लॅबचं डिझाइन करणाऱ्याकडून) मुदत लेखी घ्या, बहुधा वाढवूनच मिळेल. बाल्कनीचे टेकू सर्वांत शेवटी आणि टोकाकडून आत खोलत यायचं. आतले आधी काढले तर बाल्कनी टोकाच्या टेकूवर टेकते आणि ताण खालच्या बाजूला येतो, जिथे मुख्य सळई नसते.

‘तीन दिवसांत प्लेटा काढू, टेकू परत लावू’ असंही पुस्तकात आहे. आपल्याकडे टेकू ‘परत’ लावणारा मला तरी दिसलेला नाही, म्हणून तो पर्यायच विसरा. सेंटरिंगवाल्याला घाई का असते? त्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटला लागणार असतात, त्यावर त्याचं भाडं फिरतं. त्यामुळे तारखेचं भांडण सहाव्या दिवशी न करता वर्क ऑर्डरमध्येच लिहा: स्लॅबचे टेकू अमुक दिवस, बीमचे अमुक.

पाण्याचं बोला आता. गरम आणि कोरड्या हवेत साध्या सिमेंटला कमीत कमी १० दिवस, फ्लाय अॅश असेल तर १४ दिवस पाणी. १४० चौ.मी. वर आळी (पाणी अडवायचे छोटे बांध) बांधून ५० मिमी पाणी ठेवलं तर एकदा भरायलाच ७,००० लिटर लागतात, आणि उन्हात ते रोज उडतं. मेमध्ये टँकर आयत्या वेळी मिळत नाही. स्लॅबची तारीख ठरवताना टँकरची तारीख ठरवा. आळी मातीची नको, पाणी पाझरतं. सिमेंट-वाळूच्या बारीक पाळी करा.

आणि तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) अर्धी साइट रिकामी होते, बायका माहेरी जातात. होळीला सातपुड्यातले मजूर गावी गेले की आठवडाभर परतत नाहीत. त्या दिवसांत स्लॅब धरला तर प्लेटा लागलेल्या आणि माणसं नाहीत, अशी गत होते.

ओळंबा

पांझरा, बाल्कनीचं टोकाकडून सांगितलंत ते मोठ्या अक्षरात लिहा. रात्रीच्या बाबतीत माझं मत पहाटेचं आहे. पहाटे साडेचारला सुरू केलं तर प्लेटा सगळ्यात थंड असतात आणि ताईंना अंधारात एकटं घरी जावं लागत नाही.

खडी-वाळू

प्लेटा थंड हे बरोबर, पण २४ घनमीटरला पंपाने तीन-चार तास जातात. साडेआठला पट्टी मारून झाली की नऊला झळा सुरू. ताज्या स्लॅबवर वारा आणि ऊन एकदम येतं आणि तासाभरात भेगा पडतात. संध्याकाळी सातला सुरू करा, त्याआधी प्लेटा आणि सळईवर पाणी मारा (साचलेलं पाणी कोरडं करून घ्या), अकरापर्यंत संपतं आणि पुढची सगळी रात्र स्लॅबला मिळते. काँक्रीटच्या दृष्टीने संध्याकाळच. फिनिशिंग झाल्या झाल्या प्लास्टिक टाका, सकाळी बारदान आणि आळी. भेग माल ओला असतानाच दिसली तर लाकडी रंध्याने ठोकून मिटते. घट्ट झाल्यावर वरून सिमेंटचं पाणी ओतून काही होत नाही, फक्त झाकलं जातं.

उजेडासाठी चार कोपऱ्यांना दिवे लावा. एकाच बाजूने उजेड आला की माणसाच्या सावलीत सुई कुठे चालली ते दिसत नाही.

वाघूर

तिसरा आणि चौथा प्रश्न माझ्याकडे.

मुकादम: मजुराला थेट सांगू नका, मुकादमाला सांगा, आणि ते चारचौघांत नको. तोंडी सूचना एकदाच. दुसऱ्या वेळी साइटच्या सूचना वहीत तारीख-वेळ घालून लिहायचं आणि त्याची सही घ्यायची. तो ‘काही व्हत नही, ताई’ म्हणेल. वाद घालू नका, टेप लावा, टेपसकट फोटो काढा आणि साइटच्या ग्रुपवर टाका. बाईने सांगितलं म्हणून ऐकलं नाही, याला जागाच उरत नाही, कारण आता टेप सांगते.

त्याहून मोठं हत्यार म्हणजे पोअर कार्ड. एक पानाचा छापील कागद. टेकू, प्लेटा, सळई, कव्हर, पाइप, व्हायब्रेटर, क्यूबचे साचे, पाणी, प्रत्येकापुढे रकाना. खाली सेंटरिंगवाला, फिटर आणि तुम्ही, तिघांच्या सह्या, वर सिनिअर सरांची. सह्या झाल्याशिवाय आरएमसीला फोन करायचा नाही, हा नियम सरांकडून आधीच सगळ्यांना सांगून घ्या. गाडी दारात उभी राहिल्यावर तुमचं कुणी ऐकणार नाही, गाडी मागवण्याआधी सगळे ऐकतात. कन्सल्टंटची तपासणीही एक दिवस आधी, त्या दिवशी सकाळी नको. दुरुस्तीला रात्र मिळाली पाहिजे.

टॉयलेट: विनंती म्हणून मागू नका. साइटवर शौचालय देणं ही मालकाची जबाबदारी आहे, १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात होती आणि नव्या श्रमसंहितेतही आहे. व्यवहारात मात्र पत्रापेक्षा अंदाजपत्रक लवकर पुढे सरकतं. ४ बाय ४ फुटाची पत्र्याची खोली, आतून कडी, पाण्याची टाकी, झाकणाचा डबा, इतका खर्च काढून सरांपुढे ठेवा. कामावर महिला मजूर आहेत, त्यांचाही आकडा लिहा. एक गोष्ट इथल्या जमिनीची: काळ्या मातीत शोषखड्डा पाणी ओढत नाही, पावसात तुंबतो. गटाराची जोडणी मिळत असेल तर तीच घ्या, नाहीतर टाकी मोठी आणि उपसायची सोय. स्लॅब झाल्यावर दुसरा उपाय: तळमजल्याचं एक टॉयलेट दारासकट आधी पूर्ण करून घ्यायचं. पुढचे सगळे महिने कामाला येतं आणि खर्चही वाया जात नाही.

रात्रीचं: संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी स्त्री कर्मचाऱ्याला कामावर ठेवायचं तर नव्या श्रमसंहितेप्रमाणे तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची सोय मालकाकडे येते. संमती देताना घरी सोडायची गाडी लिहून घ्या. साइटवर किंवा कंपनीच्या गाडीत त्रास झाला तर २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात दोन्ही ठिकाणं कामाची जागाच धरली जातात. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान फर्म असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रारीची मुदत तीन महिने.

कपडे: ओढणी नको, मिक्सर आणि लिफ्टजवळ तर अजिबात नको. महिला मजुरांचा पदरही खोचलेला हवा, आणि मिक्सरच्या पट्ट्यावर जाळी. सेफ्टी शूज आपल्या मापाचेच घ्या, ४-५ नंबर मिळतात. मोठा घेऊन आत कापूस भरला तर शिडीवर पाय घसरतो. हार्नेसचा छातीवरचा पट्टा आणि मांडीचे पट्टे दोन्ही घट्ट करून बघा. पुरुषांच्या मापाचा हार्नेस खांद्यावरून सरकतो.

आणखी एक, विचारलेलं नाही तरी. हजेरीपट तुमच्या हातात असेल तर गडी आणि बाई एकच काम करत असताना दर वेगळे लागतायत का ते बघा. आणि महिला मजुरांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का, तेही. त्याला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि साइटवरून तो निघायला उशीर लागतो कारण कुणी हजेरी नीट ठेवत नाही.

पांझरा

पाचव्याला थोडक्यात. शकुंतला भगत १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या आणि पुढे पूल बांधले. त्यामुळे ‘हे मुलींचं काम नाही’ हा मुद्दा सत्तर वर्षं जुना झालाय. पण घरच्यांची काळजी बहुधा प्रवासाची आणि उशिराची असते, तिचं उत्तर गाडीने मिळतं, इतिहासाने नाही.

माझा सल्ला: एका इमारतीचा पाया ते प्लास्टर हा सगळा फेरा साइटवर पुरा करा. मग बिलिंगला जा किंवा डिझाइनला. बार बेंडिंग शेड्यूल (सळयांच्या लांबी-वजनाचा तक्ता) साइटवर शिकलेला माणूस बिलात फसत नाही. साधं उदाहरण: सळईचं वजन प्रति मीटर किलोत म्हणजे मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. ८ मिमी ०.३९५ किलो, १२ मिमी ०.८८९. काट्यावरचं वजन आणि मोजलेल्या लांबीचं वजन जुळवा. १० मिमीपर्यंत ७ टक्के फरक चालतो, १२ आणि १६ ला ५ टक्के. त्यापलीकडे गेला की एकतर सळई हलकी आहे किंवा गाडी काट्यावरून येताना हलकी झाली. सरकारी कनिष्ठ अभियंता भरतीला महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे, तीही परीक्षा देत राहा. साइटवर असताना अभ्यासाला वेळ मिळत नाही हे खरं, पण आरसीसी आणि मटेरियलचे प्रश्न तुम्हाला पाठ करावे लागत नाहीत.

तापीकाठची

खूप धन्यवाद. पोअर कार्ड आजच टाइप करते. एकच शंका: बाल्कनीच्या वरच्या सळईखाली चेअर किती अंतरावर ठेवू? ड्रॉइंगवर काहीच लिहिलेलं नाही.

ओळंबा

ड्रॉइंगवर नसेल तर कन्सल्टंटला मेसेज करून लेखी घ्या, तेच पोअर कार्डाला जोडा. साधारण स्लॅबला मीटरभर चालतं. बाल्कनीत ६० सेंमी मागा आणि चेअर १० मिमी सळईची करा, ८ ची माणसाच्या वजनाने वाकते. बाल्कनीची जाडी स्लॅबपेक्षा वेगळी असेल तर चेअरची उंची पुन्हा काढा, ती ५३ चीच लावू नका. चालण्यासाठी वरून फळ्या टाका, काँक्रीट पुढे सरकेल तशा उचलत जा.